कडुनिंबावरची गुळवेल

टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यात आमच्या घरी कारली फार व्हायला लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग एक दिवसाआड. आणि प्रत्येक वेळी रसदार, चिंचगुळाची. आई स्वतः त्यातली एक फोडसुद्धा घ्यायची नाही. कडू नुसतं दिसलं तरी तिच्या कपाळाला आठ्या पडतात. वाटी काठोकाठ भरून माझ्यापुढे ठेवायची आणि मी तळ गाठेपर्यंत समोर बसून राहायची.

"आज तरी दुसरं काही करायचंस," मी म्हणायची.

"ठेल्यावर दुसरं काही नव्हतंच ना."

ठेल्यावर भेंडी असायची, तोंडली असायची, खिडकीतून मला चांगली दिसायची. पण त्या दिवसांत प्रत्येकाच्या डोक्यात काही ना काही खूळ शिरलं होतं. समोरच्या क्वार्टरमधले साहेब बाजारातून आणलेल्या नोटांना इस्त्री करत होते. त्या मानाने कारली परवडली, असं म्हणून मी खात राहिले. चवीला वाईट नव्हती. जरा जास्तच कडू होती, इतकंच.

आम्ही दोघीच राहतो. वडील नागपूरहून भोपाळच्या कारखान्यात आले तेव्हा टाउनशिपमधले रस्तेसुद्धा नीट झाले नव्हते, असं ते सांगायचे. ते निवृत्त व्हायच्या आधी मला तिथल्याच ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली, त्यामुळे क्वार्टर बदललं पण टाउनशिप काही सुटली नाही. पुढे वडील वारले. धाकटा भाऊ पुण्याला स्थायिक झाला. उरलो आई आणि मी, दोन खोल्या, व्हरांडा, आणि पुढच्या अंगणात एक भला मोठा कडुनिंब. त्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली होती. कोणी लावली नव्हती, आमच्या आधीपासूनच तिथे होती. इतकी वर्षं मी तिच्याकडे कधी धड पाहिलंही नव्हतं.

माझ्या पोटात आईची किडनी आहे. उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या जरा वर, दाबून पाहिलं तर हाताला लागते. पस्तिशीत माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. भाऊ देतो म्हणाला होता आणि त्याची जुळतही होती. त्याचं नुकतंच लग्न झालेलं. आई म्हणाली, "त्याला कापायचं नाही. माझी घ्या." डॉक्टरांनी तिचं वय बघून जरा कां-कूं केलं, पण तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या आणि तिच्या हट्टापुढे कोणाचं चाललं नाही. नागपूरच्या एका हॉस्पिटलात आम्हा दोघींना एकाच सकाळी आत नेलं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी गोळ्यांचं समजावून सांगितलं. शरीर बाहेरून आलेलं काहीही ओळखतं आणि त्याच्यावर चालून जातं. त्याला ही किडनी परकी वाटणार, म्हणून त्याला रोज थोडं झोपवून ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या वेळेला, जन्मभर. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टर गेल्यावर माझ्याकडे वळली.

"परकी? माझी? नऊ महिने पोटात होतीस तेव्हा मी नाही म्हटलं तुला परकी."

तिला ते खरंच लागलं होतं. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, लोकांच्या मुली आईला अशाच सहन करतात, मला दिवसातून दोनदा गोळ्या घ्याव्या लागतात. ती हसली नाही. पुढे कितीतरी वर्षं ती हा विषय मधूनच काढायची. दुसऱ्या कोणाची असती तर समजू शकते, पण आईची? शरीराला एवढी अक्कल नको?

गोळ्यांची मला सवय झाली. सुरुवातीला चेहरा सुजून भोपळा झाला होता, तो उतरला. हात थरथरायला लागले, ते मात्र कायमचेच. ड्रॉइंग ऑफिसातल्या बाईचे हात थरथरावेत याचं मला फार वाईट वाटलं होतं. शाईने ओढलेली माझी रेघ पूर्वी साहेब लोक नव्या पोरांना दाखवायचे. नशीब एवढंच की तोवर ऑफिसात कॉम्प्युटर आले होते आणि माउसने ओढलेली रेघ कोणाचीही सरळच येते. बाकी पथ्यं होती. बाहेरचं पाणी नाही, कापलेली फळं नाहीत, मोड आलेली कच्ची कडधान्यं नाहीत, दुर्गापूजेच्या मंडपातली गर्दी नाही. रक्तातलं औषध ठरलेल्या मर्यादेत राहायला हवं. कमी झालं तर शरीर जागं होतं, जास्त झालं तर औषधच किडनीला खातं. हे मला लगेच समजलं. ड्रॉइंगवर आम्ही प्रत्येक मापाला वरची आणि खालची मर्यादा लिहितोच, आणि त्या दोहोंच्या मध्ये जे बसेल ते पास.

मग महामारी आली आणि सगळी टाउनशिप एका दिवसात माझ्यासारखी दिसायला लागली. मी कित्येक वर्षं बसमध्ये मास्क लावून बसायची तेव्हा शेजारची बाई अंग चोरायची. आता तीच बाई मास्कवर मास्क लावून दाराच्या कड्या पुसत होती. मला मनातून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गंमत फक्त एका बाबतीत होती. सगळ्या जगाला तेव्हा प्रतिकारशक्ती वाढवायची होती. टीव्हीवर तेच, फोनवर तेच, गेटवर तेच. आणि मी एकटी ती खाली दाबायच्या गोळ्या रोज न चुकता घेत होते. माझ्या भोपाळच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं: काढे, चूर्णं, रस, काहीही घ्यायचं नाही, कोणी कितीही प्रेमाने दिलं तरी.

तशात कोणीतरी सांगितलं की गुळवेल सगळ्यांत उत्तम, आणि त्यातही कडुनिंबावर चढलेली म्हणजे तर विचारूच नका. झालं. आमच्या गेटवर रांग लागायला लागली. "आंटी, थोड़ी गिलोय मिलेगी?" बंगाली, मल्याळी, पंजाबी, बिहारी, ज्यांच्याशी आईचं वर्षानुवर्षं नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं ते सगळे. आई कात्री घेऊन वेलीचे बोट-बोट लांबीचे तुकडे करायची, कागदात बांधून गेटवर ठेवायची आणि चार पावलं मागे सरून कसं उकळायचं ते हिंदीत समजावून सांगायची. वडील गेल्यापासून इतकी खूश मी तिला पाहिली नव्हती. मी व्हरांड्यातून म्हणायची, "आता पाटी लाव, वैद्य म्हणून."

ऐन मे महिन्यात माझा रक्ताचा रिपोर्ट जरा वर आला. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडंसं वाढलं होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, गर्मी आहे, पाणी कमी पडलं असेल, घाबरायचं कारण नाही. मीही घाबरले नाही. फोन स्पीकरवर होता, आई तिथेच तांदूळ निवडत बसली होती.

कारली सुरू झाली ती त्यानंतर. पण हे मला मागाहून कळलं.

जूनच्या शेवटाला आकडा असा काही उडाला की डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल व्हायला सांगितलं. बायोप्सी झाली. शरीर जागं होऊन किडनीवर चालून गेलं होतं. डॉक्टरांनी बेडपाशी उभं राहून विचारलं, "गोळ्या चुकल्या?" नाही. "कोई काढ़ा? कोई देसी दवा?"

मी चिडले. "सर, इतने साल हो गए. मैं नई पेशंट नहीं हूँ."

त्यांनी फाइलवर 'नाही' लिहिलं आणि शिरेतून जबरदस्त इंजेक्शनं सुरू केली. नियमांमुळे आईला आत सोडत नव्हते. ती घरी एकटी, मी तिथे एकटी, आणि फोनवर दोघी एकमेकींना जेवलीस का एवढंच विचारत होतो. मी खूप घाबरले होते. डायलिसिसच्या मशीनवर बसायचे ते जुने दिवस मला आठवत होते, हातातली ती जाड सुई, नंतर येणारा थकवा. त्यापेक्षाही मला एका गोष्टीची भीती वाटत होती. ही किडनी गेली तर मी आईला काय तोंड दाखवणार?

घरी सोडलं तेव्हा आकडा उतरायला लागला होता, पण पुरता नाही. आई गेटमध्येच उभी होती. मला आत आणून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि मग समोर बसून खाली मान घालून म्हणाली, "म्हातारीचं सामान. किती दिवस चालणार ते?"

"काहीतरीच काय बोलतेस."

"त्याचीच घ्यायला पाहिजे होती. तरुण पोराची. मीच आडवी पडले. पोराला वाचवलं अन् पोरीला जुनं दिलं."

मी तिला गप्प केलं. पण एकटी पडल्यावर ते वाक्य मला सोडेना. कारण माझ्याही मनात ते कधीच आलं नव्हतं असं नाही. हॉस्पिटलच्या पलंगावर पडल्या पडल्या आलं होतं. भावाची असती तर? आणि आल्याबरोबर मला स्वतःची लाज वाटली होती.

दोन-तीन दिवसांनी मी व्हरांड्यात बसले होते. गेटवर समोरच्या क्वार्टरमधल्या भाभी आल्या. माझी चौकशी केली, चेहरा उतरलाय म्हणाल्या आणि मग धीर द्यायला म्हणून सांगितलं, "घबराओ मत. आंटी तो तुमको भी रोज़ गिलोय दे रही हैं. करेले में मिला के. कह रही थीं, इसको पता भी नहीं चलता."

मी हसून मान हलवली. भाभी गेल्या.  मी उठून आत न जाता आधी डॉक्टरांना फोन केला.

त्यांनी लांब श्वास सोडला. गुळवेलीने असं होऊ शकतं, म्हणाले, ती शरीराला उठवून बसवते, तुमच्यासारख्यांना तर मुळीच चालत नाही, आजच्या आज बंद करा. मी विचारलं, म्हणजे त्यानेच झालं? ते म्हणाले, "हो सकता है. पर किडनी को भी बहुत साल हो गए हैं, और डोनर की उम्र भी थी. दोनों बातें हो सकती हैं. पक्का कोई नहीं बता सकता."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होती. मला राग येतो तेव्हा माझा आवाज चढत नाही, खाली जातो. आईला ते माहीत आहे.

"कारल्यात गुळवेल घालतेस?"

तिने लपवायचा प्रयत्नही केला नाही. "हो. का?"

"कधीपासून?"

"तुझा तो रिपोर्ट आला ना, फोनवर डॉक्टर बोलून राहिले होते, तेव्हापासून. म्हटलं किडनी थकली असेल, तिला जरा ताकद."

"डॉक्टर नको म्हणाले होते ना? तुझ्यासमोर म्हणाले होते."

"ते तुला म्हणाले होते. मी तर किडनीसाठी देऊन राहिली होती." हे तिने अगदी सरळपणे सांगितलं. तिच्या हिशेबी माझं शरीर वेगळं आणि तिची किडनी वेगळी. पथ्य माझ्या शरीराला होतं.

मग मी बोलले. सगळं बोलले. इतकी वर्षं मी गोळ्या खाऊन ज्याला झोपवत आले त्याला तू उठवलंस. ते उठलं आणि थेट तुझ्याच किडनीवर धावून गेलं. डॉक्टरांपुढे मी छातीठोकपणे सांगून आले की मी काही घेतलेलं नाही. मी मेले असते, आई. तुझ्या गुळवेलीने झालं हे सगळं.

तिचे हात कणकेत तसेच राहिले. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता रडेल, आणि मी तिला रडू देणार होते.

"म्हणजे," ती म्हणाली, "किडनी जुनी होती म्हणून नाही झालं?"

तिने हात कणकेतून बाहेर काढले.

"सांग ना. किडनी चांगली होती?"

डॉक्टरांचं उरलेलं अर्धं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ड्रॉइंग ऑफिसातल्या सगळ्या नोकरीत मी एकही शीट माप पक्कं माहीत नसताना सही करून खाली वर्कशॉपमध्ये पाठवलेली नाही. साहेब डोक्यावर उभे राहिले तरी नाही. पण तिचा चेहरा समोर होता, आणि त्या दिवशी तिने खाली घातलेली मान मला आठवत होती. पोराला वाचवलं अन् पोरीला जुनं दिलं.

"चांगली म्हणजे काय, अव्वल होती," मी म्हटलं. "ठणठणीत. तूच तिला मारायला निघाली होतीस."

ती स्टुलावर बसली. कणकेचे हात तसेच हवेत धरून, मनगटाच्या मागच्या बाजूने तिने डोळे पुसले. रडत होती आणि हसतही होती.

"बाप्पा. मला वाटलं माझ्यापायी झालं."

"तुझ्यापायीच झालं." माझा राग अजून उतरला नव्हता.

"हो, पण गुळवेलीनं ना. ते तर बंद करता येते."

तेवढ्यावर तिने कणीक मळून संपवली, हात धुतले, माळ्यावरचा कोयता काढला आणि अंगणात जाऊन गुळवेलीचं मूळ तोडलं. मला जवळ येऊ दिलं नाही, मातीत जंतू असतात म्हणून. हे पथ्य तिला पाठ होतं. जाड, दोरखंडासारखी वेल. तिच्या वयाला सोपं काम नव्हतं. घाव घालता घालता ती वेलीला बोलत होती, काय ते मला ऐकू आलं नाही. त्या संध्याकाळी भेंडीची भाजी केली. मी ती दोनदा मागून घेतली.

मला वाटलं, वेल आठवड्यात वाळेल. ती वाळली नाही. पावसाळाभर वर कडुनिंबावर हिरवीगार होती, मुळाशिवाय. आणि मग तिने वरून धागे सोडले. शिवणाच्या दोऱ्याएवढे बारीक, लांबच लांब, सरळ जमिनीच्या दिशेने. एक धागा जरी मातीला टेकला तरी वेल पुन्हा रुजते. आईने सकाळी उठून ते पाहिलं, आतून शिवणाची कात्री आणली आणि हाताला येतील तितके धागे कापले. दुसऱ्या दिवशी आणखी आले होते.

मी म्हटलं, माळ्याला सांगून सगळी वेल उपटून काढू. तिने ऐकलं नाही. "राहू दे वर. तिचा काय दोष? जमिनीला नाही लागू द्यायचं, एवढंच."

ते आता तिचं रोजचं काम झालंय. सकाळची माझी गोळी घ्यायची वेळ आणि तिची कात्री घेऊन बाहेर जायची वेळ एकच. गुडघे दुखतात म्हणून आताशा ती स्टूल घेऊन बसते आणि बसल्या बसल्या कापते. वरचे राहिले तर काठीला कोयता बांधून ओढते. कापलेले धागे वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकते, मातीत नाही.

माझा आकडा पूर्वीच्या जागी कधी परत आला नाही. जरा वर जाऊन थांबला आणि तिथेच आहे. गुळवेलीने केलेलं नुकसान, की किडनीचं वय, हे मला आजही माहीत नाही. दर वेळी रिपोर्ट हातात आला की मी आधी तोच आकडा शोधते. डॉक्टर विचारतात, आईंना सांगितलं का सगळं? मी हो म्हणते. आईही विचारते, "काय म्हणते माझी?" मी म्हणते, "मजेत आहे." हेही तसंच, माप माहीत नसताना केलेली सही. पण ती सही मी मागे घेणार नाही.

अजूनही कधीमधी कोणी गेटवर येतं. परवा सकाळी एक नवीन सूनबाई आली होती, मागच्या गल्लीतली. मी खिडकीपाशी उभी होते, तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात पेला. हात नेहमीसारखाच थरथरत होता.

"आंटी, सुना है आपके यहाँ गिलोय है?"

आई स्टुलावरून उठली नाही. कात्री मांडीवर ठेवली आणि मान ताठ करून म्हणाली, "थी. अब हमारे यहाँ नहीं चलती. मेरी लड़की में मेरी किडनी है ना. एकदम अव्वल है. उसको ये सब फालतू चीज़ें लगती नहीं."

मी गोळी तोंडात टाकली आणि पेलाभर पाणी प्यायले.